पंचावन्न ग्रेनची गोळी

जालना, ९ नोव्हेंबर २०२४

चि. मीना हिला कमरोद्दीन मिस्त्रीचा दुवा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला सारशील, म्हणून आधीच सांगतो, काम कागदाचं आहे. वाच, मग काय करायचं ते कर.

मी दुकान बंद करतो आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा काढायचा आहे. बंदुकीच्या मिस्त्रीला नळीतलं दिसेनासं झालं की त्याने भजी तळावीत, ते बरं. माझ्या परवान्याची मुदत मार्चअखेर संपते आणि ती मी वाढवणार नाही. दुकानात लोकांनी ठेवायला दिलेली हत्यारं त्याआधी ज्याची त्याला परत करायची, नाहीतर सरकारजमा करायची. बाकी सगळी गेली. कपाटात एकच उरली आहे, तुझ्या वडिलांची हॉर्नेट रायफल.

फेब्रुवारीत रामरावभाऊ गेले तेव्हापासून तिला मालक नाही. टेंभुर्णीला जाऊन तुझ्या आईला विचारलं तर गोजरवहिनी म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? मीनाला इचारा. ती म्हनंल तसं." तू एकुलती, म्हणजे वारस तूच. परवाना स्वतःच्या नावावर करायचा असेल तर तसं कळव. नको असेल तर सोबतच्या कागदावर जिथे पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही करून पाठव, मी जमा करून टाकीन.

माझं ठीक चाललं आहे. रहिमाबीला जाऊन येत्या रमजानला दोन वर्षं होतील. सोहेब पुण्यात असतो. दर रविवारी फोन करून "अब्बा, खाना खाया?" विचारतो. मी हो म्हणतो. मग तो फोन ठेवतो.

जावईबापूंना सलाम सांग.

कमरोद्दीन मिस्त्री


जालना, २८ नोव्हेंबर २०२४

चि. मीना,

उत्तर नाही. टपालखात्याला शिव्या घालायची सोय होती, पण रजिस्टरची पोचपावती परत आली आहे आणि तिच्यावर तुझी सही आहे. परभणीत पत्र पोचलं, एवढं तरी कळलं.

काल रायफल साफ केली. बोल्टला तेल दिलं. तो अजून पाण्यासारखा सरकतो. दुकानात आता गिऱ्हाईक येत नाही, त्यामुळे एका नळीत चिंधी फिरवायला मी अख्खी सकाळ लावली, आणि चिंधी फिरवता फिरवता मनात तुझ्याशी बोलत बसलो. नाही म्हणायचं कारण नाही, करमत नाही मला.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा सोळा वर्षांची होतीस. रामरावभाऊंनी रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, पोरीला क्लबात खेळायचंय. बघा काही जमतंय का." निजामाच्या काळात तुझ्या आजोबांनी घेतलेली विलायती रायफल. तिची काडतुसं बाजारात मिळायची बंद झालेली. क्लबाच्या परवानगीने मी ती हाताने भरून द्यायला लागलो. पुंगळी, टोपी, दारू आणि वर पंचेचाळीस ग्रेनची गोळी. ग्रेन म्हणजे किती, असं तू विचारलं होतंस. अर्धी गुंज, मी सांगितलं, आणि तू म्हणालीस, "एवढुशा वजनाला तुम्ही तराजू लावता, चाचा?" तेव्हापासून तू मला मिस्त्री म्हटलं नाहीस.

एमआयडीसीच्या पलीकडच्या माळावर आपण मारायचो. तू निशाणाकडे बघायच्या आधी रोलिंग मिलच्या धुराकडे बघायचीस. धूर अंबडकडे झुकला की गोळी किती सरकणार ते तू मनात धरायचीस. हे मी तुला शिकवलेलं नव्हतं. चार वर्षांत जिल्ह्यात तुझ्या तोडीचं कोणी उरलं नाही.

मग राज्य स्पर्धा आली. दोनशे मीटर, उघडं मैदान. रामरावभाऊंचं बोलणं तुझ्यासमोरच झालं होतं. राज्याच्या संघात आलीस तर खेळायचं, नाही आलीस तर परभणीच्या स्थळाला होकार. मी म्हटलं, वारा असणार, हलकी गोळी भरकटेल, यंदा जड गोळी घेऊ, पंचावन्न ग्रेनची. तू म्हणालीस, "चाचा, हलकीच राहू द्या. मला तिची सवय हाये." मी म्हटलं, "मिस्त्री कोण हाय, तू का मी?"

पुढचं तुला माहीत आहे. दहा गोळ्यांतल्या तीन कागदावर लागल्याच नाहीत. क्लबातले सगळे उभे होते, तुझे वडील उभे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पोरीचा हात कापला. ऐन वेळेला कापतो हिचा हात."

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. दहा वर्षं होतील आता. मला एवढंच लिहायचं होतं की मी वाईट मनाने बोललो नव्हतो. उस्तादाने शागिर्दाची चूक सांगायची असते.

कागदावर सही तेवढी पाठव.

कमरोद्दीन


जालना, १४ डिसेंबर २०२४

मीनाबेटा,

परवा गोजरवहिनी दुकानात आल्या होत्या. जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आल्या, तशा इकडे वळल्या. मी चहा मागवला. कप बघून त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "मीना असती तर अर्धाच दिला असता. पाहुन्याला कवाच भरून कप देत न्हाई ती. सांडंल म्हंती. माझा हात कापतो म्हंती."

मी विचारलं, कधीपासून?

"तवापासूनच की. बंदुकीच्या त्या खेळापासून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नर्सिंगला तू पहिल्या पाचांत होतीस, पण दवाखान्यात सुरुवातीपासून केसपेपरच्या खिडकीवर बसलीस. इंजेक्शनसुद्धा दुसरीकडून देववतेस. आता ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर निवृत्त होणार आहेत. डॉक्टरबाईंनी तुला दोनदा बोलावून विचारलं, आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "माझा हात ऐन वेळेला कापतो, मॅडम." बाईंनी फेब्रुवारीअखेरपर्यंत विचार करायला सांगितलं आहे. गोजरवहिनी म्हणाल्या, "तुमी तिचे उस्ताद ना? तुमी तरी सांगा तिला काही."

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. माझे शब्द, माझ्या तोंडचे, जसेच्या तसे, तू दहा वर्षं वापरते आहेस.

मीना, माझं मागचं पत्र फाडून टाक. त्यात मी जे उस्ताद-शागिर्द लिहिलं ते खोटं आहे. तुझा हात कापला नव्हता.

स्पर्धेनंतर तू निशाणाचा कागद चुरगाळून फेकलास. तो मी उचलला. पंचांनी फक्त गुण मोजले होते. मी भोकं बघितली. गोळी नाकासमोर गेली तर भोक गोल पडतं. तुझ्या कागदावर सात भोकं होती आणि त्यातली पाच लांबट होती, गव्हाच्या दाण्यासारखी. गोळी आडवी होऊन कागदात शिरली होती.

ते कशाने होतं, तेही सांगतो. नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला फिरवतात. फिरते म्हणून ती सरळ जाते. नळी तेवढीच राहणार, तेव्हा जड गोळी म्हणजे लांब गोळी. लांब गोळीला फिरकी जास्त लागते. तुझ्या आजोबांच्या रायफलीचे आटे जुन्या पद्धतीचे, सैल. ते आखूड, हलक्या गोळीसाठी पाडलेले. पंचावन्न ग्रेनच्या गोळीला त्यांनी पुरेसं फिरवलंच नाही. फिरकी कमी पडलेला भोवरा कसा डुलत डुलत आडवा होतो, तशी ती वाटेतच आडवी झाली. मग ती कुठे जाणार हे तुझ्या हातात नव्हतं. कोणाच्याच हातात नव्हतं.

पहिलं लांबट भोक बघितलं तेव्हाच मला हे कळलं. तू वीस पावलांवर पायऱ्यांवर बसली होतीस. उठून तुझ्यापाशी यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. पण क्लबातले लोक होते. माझ्या आजाने निजामाच्या शिकारखान्यात बंदुका राखल्या, बापाने जालन्यात दुकान घातलं, आणि कमरोद्दीनला साधी गोळी निवडता आली नाही, असं चारचौघांत कसं म्हणू? मी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

हे पत्र टाकायला मी तीनदा पोस्टापर्यंत जाऊन परत आलो. आज टाकतो.

कमरोद्दीनचाचा


जालना, २ जानेवारी २०२५

मीनाबेटा,

सोबत दोन कागद आहेत. एक तो, स्पर्धेचा. दहा वर्षं माझ्या तिजोरीत होता. रहिमाबीने एकदा विचारलं, हे काय जपून ठेवलं? मी म्हटलं, हिशेबाचं आहे. दुसरा कागद त्याच वर्षीच्या दिवाळीतला, आपल्या माळावरचा, हलक्या गोळीचा. त्यावर पाच भोकं आहेत आणि ती पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. तारीख तुझ्याच अक्षरात आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघ. सहा आठवड्यांत माणसाचा हात असा बदलत नाही.

एवढं लिहून संपवणार होतो. पण मग मागच्या पत्रात जे मी गाळलं ते गाळलेलंच राहील. तू वाचताना फसशील, तुला वाटेल, चाचाला नंतर कळलं बिचाऱ्याला. तसं नाही.

मला आधी माहीत होतं.

स्पर्धेच्या पाच दिवस आधी मी एकटा माळावर गेलो होतो. तुझा वर्ग होता. हैदराबादच्या ओळखीवर जड गोळ्या तीसच मिळाल्या होत्या. त्यातल्या आठ भरल्या आणि पन्नास मीटरवर मारून बघितल्या. सात भोकं गोल पडली. आठवं जरा लांबट होतं. फार नाही, मुगाच्या दाण्यासारखं. मी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि स्वतःलाच म्हणालो, कागद ढिला लागला असेल.

कागद ढिला नव्हता. तो मीच ताणून लावला होता.

दोनशे मीटरवर मारून बघायला हवं होतं. गोळ्या वाया जातील म्हणून नाही मारल्या, असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू, भ्यालो. दोनशेवर काय दिसेल याची भीती वाटली. सगळ्या क्लबात मी जड गोळीचा गवगवा करून बसलो होतो. परत हलकीवर यायचं म्हणजे वीस वर्षांच्या पोरीचं बरोबर होतं असं म्हणायचं.

संध्याकाळी तू फोन केलास. "चाचा, मारून बघितल्या का?" मी म्हणालो, "बघितल्या. फुलावानी बसतात."

तुझा विश्वास बसला. तू पुन्हा काही विचारलं नाहीस. मीना, मला राहून राहून तेच आठवतं. तू पुन्हा विचारलं असतंस तर मी कदाचित सांगितलं असतं. हेही मी तुझ्यावरच ढकलतो आहे, बघ. जुनी सवय.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. माफी मागायला लाज वाटते, तरी मागतो. थिएटरचं काम घे. तुझा हात मी चार वर्षं जवळून बघितला आहे. तसा हात माझ्या दुकानात दुसरा आला नाही.

कमरोद्दीनचाचा


जालना, २० जानेवारी २०२५

मीनाबेटा,

तुझं कार्ड मिळालं. दहा वर्षांनी तुझं अक्षर माझ्या नावावर आलं. पोस्टमनला मी बसवून पाणी दिलं. त्याला वाटलं, मनिऑर्डर आली की काय.

दोनच ओळी आहेत. "तुम्ही बोलला होतात ते सगळ्यांसमोर. खरं मात्र एकटीला लिहिता."

पहिल्यांदा रागच आला. मी सत्तरीला टेकलेला माणूस, पोटातलं सगळं ओतून मोकळा झालो, आणि हिला आणखी काय पाहिजे? दोन दिवस धुसफुसत फिरलो. चहावाल्यावर उगाच ओरडलो. तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात क्लबातले जुने सेक्रेटरी भेटले. इकडचं तिकडचं झालं, आणि ते सहज म्हणाले, "रामरावची ती पोरगी कुठंय आता? चांगली व्हती, पन ऐन टायमाला हात कापायचा तिचा."

मी हातात दोडके घेऊन उभा. म्हणालो, "न्हाई, तसं नव्हतं ते." ते म्हणाले, "तुमीच तर म्हन्लं व्हतं, मिस्त्री." मी पुढचं बोललो नाही. ते निघून गेले आणि मी दोडके न घेताच घरी आलो.

तुझी ओळ तेव्हा समजली. पत्रात लिहिणं सोपं आहे. पत्राला तोंड नसतं.

सहा फेब्रुवारीला रामरावभाऊंचं वर्षश्राद्ध आहे. गोजरवहिनींचं बोलावणं आलं आहे. तू येणार, तुझे मामा येणार, सगळं टेंभुर्णी येईल, क्लबातलेही चार जण येतील. मला यायची धास्ती वाटते, हे तुला सांगून ठेवतो. तरी येतो.

कमरोद्दीनचाचा


जालना, ९ फेब्रुवारी २०२५

मीनाबेटा,

तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो आहे, कारण घरी आल्यापासून हे सांगायला कोणी नाही. सोहेबला फोनवर सांगायला गेलो तर म्हणाला, "अब्बा, दस साल पुरानी बात?" आणि त्याच्याकडे कोणीतरी आलं.

जेवणं झाली, पंगत उठली, माणसं मांडवात टेकून बसली. तेव्हा मी उभा राहिलो. खांबाला धरलं. वाटेत बसमध्ये मी चांगलं लांबलचक पाठ केलं होतं, ते एकही आठवलं नाही. म्हणालो, "मला एक सांगायचंय. मीनाचा हात कापला असं मी म्हन्लो व्हतो. ते झूट व्हतं. काडतुसं मी भरली व्हती. गोळी मी गलत निवडली व्हती. मला आधी मालूम व्हतं, तरी दिली. तिचा हात बिलकुल कापला न्हाई."

मग तुझे भुजंगमामा म्हणाले, "मिस्त्री, आज दिवस कोंचा, आन् तुमी ह्ये काय काढलं?"

मी म्हणालो, "मंग कवा काढू? ज्याला आधी सांगायचं व्हतं तो तर गेला."

हे बोलताना मला रडू आलं. मला तिथे रडायचं नव्हतं. रामरावभाऊ पोरीचा हात कापतो असं समजूनच गेले, आणि ते मला आता कुठल्याच मांडवात दुरुस्त करता येणार नाही.

मामा आणखी काही बोलणार होते. तेवढ्यात तू आतून आलीस. हातात ते दोन्ही कागद होते. माणसांच्या मध्ये सतरंजीवर तू ते पसरलेस, कडा हाताने सपाट केल्यास आणि आत निघून गेलीस. सेक्रेटरी चष्मा लावून वाकले. एकेका भोकावर बोट ठेवून बघत गेले. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मामांनी मग कागद उचलून शेजारच्याला दाखवला, त्याने पुढच्याला. कागद मांडवभर फिरला. मी खांबाला धरून उभाच होतो. बसा, असं मला कोणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

माणसं पांगल्यावर मी निघायला चप्पल शोधत होतो. तू मागून म्हणालीस, "चाचा, रायफल जमा करून टाका. मला नको ती." सही केलेला कागद तू माझ्या हातात दिलास. मी मान हलवली. थिएटरचं विचारायचं होतं, धीर झाला नाही. माझा तो हक्क नाही, हेही कळत होतं. माफ केलं असं तू म्हणाली नाहीस. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

तू म्हणालीस, "चा पिऊन जा," आणि आत गेलीस.

काल मी हॉर्नेट जमा करून आलो. पावती या पत्रासोबत आहे. कपाट रिकामं झालं. शटरला कुलूप घातलं आणि घरी येऊन आरामखुर्चीत बसलो, तर डोळ्यांसमोर तो चहा येत राहिला.

आतल्या खोलीपासून ओसरीपर्यंत तू तो एका हातात आणलास. दुसऱ्या हाताने पदर खोचत होतीस. दोन पायऱ्या उतरलीस. कप काठोकाठ भरलेला होता. मी दोन्ही हातांनी बशी घेतली आणि तोंडाला लावायच्या आधीच चहा हिंदकळून खाली आला. तुला ते दिसलं. तू दारात उभी राहिलीस, माझा पिऊन होईपर्यंत.

मीनाबेटा, बशीत सांडला तो माझ्या हातून. तू आणलास तेव्हा बशी कोरडी होती.

कमरोद्दीनचाचा